संगणकीय साधनांची खरेदी आणि सुगम्यतेचे विवरणपत्र

शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, रुग्णालये, नगरपरिषदा, सहकारी बँका अशा सर्वच संस्थांच्या नित्याच्या कारभारात संगणकीय साधनांनी आता कायमचे स्थान मिळविले आहे. प्रवेशाचा अर्ज, ग्रंथांची देवघेव, बाह्यरुग्णाची नोंद, घरपट्टीचा भरणा, कर्मचाऱ्याच्या रजेचा अर्ज ही सारी कामे आज संगणकाच्या पडद्यावरून होतात. अशी साधने खरेदी करताना संस्था किंमत पाहते, हमीची मुदत पाहते, पुरवठादाराचा अनुभव आणि दुरुस्तीची सोय पाहते. तुलनात्मक तक्त्यात या प्रत्येक बाबीसाठी एक रकाना असतो. मात्र एक रकाना बहुधा नसतो. हे साधन दृष्टिहीन, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तीस वापरता येईल काय, हा तो रकाना होय.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केल्यामुळे ही व्याप्ती आणखी वाढली आहे. त्याशिवाय वार्धक्याने नजर मंदावलेले नागरिक आणि अपघाताने काही काळ एकच हात वापरू शकणारे कर्मचारी यांचाही या प्रश्नाशी संबंध येतो. खरेदीच्या वेळी पुरवठादाराकडून कोणते कागद मागावेत, ते कसे वाचावेत आणि त्यांची खातरजमा कशी करावी, याची माहिती या लेखात देण्याचा उद्देश आहे.

सुगम्यता म्हणजे काय?

इमारतीस उतरता मार्ग असला म्हणजे चाकांच्या खुर्चीवरील व्यक्ती आत येऊ शकते, हे आता सर्वांना पटले आहे. संगणकीय साधनांसही अशाच वाटा लागतात. दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने काम करते. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते किंवा ब्रेल पट्टीवर उमटविते. परंतु त्यासाठी पडद्यावरील प्रत्येक कळीला आणि प्रत्येक रकान्याला प्रणालीच्या अंतर्भागात नाव दिलेले असावे लागते. ते नाव नसेल तर ‘अर्ज सादर करा’ असे वाचून दाखविण्याऐवजी यंत्र नुसते ‘बटन’ एवढेच म्हणते, आणि वापरणाऱ्यास पुढे काय करावे हे कळत नाही.

कर्णबधिर व्यक्तीस चित्रफितीखाली शब्दांकन हवे असते. ज्यांना माउस धरता येत नाही त्यांना सर्व कामे केवळ कळफलकावरून करता आली पाहिजेत. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी अक्षरे मोठी करता यावीत आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक असावा. या गोष्टी मुळात फार अवघड नाहीत. आराखडा आखतानाच त्यांचा विचार झाला तर खर्च थोडा येतो. साधन तयार झाल्यावर त्या बसवू म्हटले तर पायाच उकरावा लागतो. म्हणूनच खरेदीपूर्वीची वेळ महत्त्वाची ठरते.

एका महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. त्याने ग्रंथालयासाठी नवी प्रणाली घेतली, जुनी कार्डे मोडीत काढली आणि पुस्तकाची मागणी केवळ संगणकावरूनच स्वीकारण्याचे ठरविले. प्रणालीत शिरताना चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावी लागतात आणि त्याला ध्वनीचा पर्याय नाही. त्या दिवसापासून तेथील दृष्टिहीन विद्यार्थी पुस्तकासाठी मित्रावर अवलंबून राहतो. पूर्वी तो ग्रंथपालांना तोंडी विचारू शकत होता. सुधारणेने त्याची ती सोयही काढून घेतली. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. खरेदी समितीने एक प्रश्न विचारला नाही, एवढेच झाले.

कायद्याची बैठक

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद असून, रोजच्या वापराची विद्युत्-उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा सार्वत्रिक आराखड्यात उपलब्ध व्हावीत, असे त्यात म्हटले आहे. कलम ४६ नुसार शासकीय व खाजगी अशा दोन्ही सेवादात्यांवर सुगम्य सेवा देण्याची जबाबदारी आहे. कलम ८९ मध्ये कायद्याच्या भंगाबद्दल दंडाची तरतूद असून पहिल्या वेळी तो १० हजार रुपयांपर्यंत, तर त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

याच कायद्याने शासकीय आस्थापनांतील किमान ४ टक्के पदे आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी राखून ठेवल्या आहेत. राखीव पदावर लिपिकाची नेमणूक करावयाची आणि त्याच्यापुढे तो चालवूच शकणार नाही अशी प्रणाली ठेवावयाची, यात उघड विसंगती आहे. पद भरले जाते, पण काम हाती येत नाही. आणि मग दोष यंत्राकडे न जाता माणसाकडे जातो.

सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडील दोन निर्णय या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने, सुगम्यतेच्या मानकांना केवळ शिफारशींचे स्वरूप देणारा २०१७ च्या नियमांतील नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक मानके निराळी निश्चित करण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. प्रज्ञा प्रसून प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावयास सांगणारी पद्धत आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना व दृष्टिहीनांना कशी अडविते, हा त्या प्रकरणातील मुद्दा होता.

मानके कोणती?

‘आमचे साधन सर्वांना वापरता येते’ असे पुरवठादाराने म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या मापाने ते मोजले, हे त्याने सांगितले पाहिजे. जगभर मान्य असलेले माप म्हणजे वर्ल्ड वाइड वेब कॉन्सोर्शियम या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे. ‘डब्ल्यूसीएजी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जातात. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये, २.१ ही आवृत्ती २०१८ मध्ये आणि २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साधनातील मजकूर जाणवण्याजोगा, चालविण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या सहायक साधनांबरोबर टिकाव धरणारा असावा, ही त्यांची चार सूत्रे होत. निकषांच्या ‘ए’, ‘डबल ए’ आणि ‘ट्रिपल ए’ अशा तीन पातळ्या असून सर्वसाधारणपणे डबल ए पातळीची अपेक्षा ठेवली जाते. २.१ या आवृत्तीत या पातळीपर्यंत ५० निकष येतात. उदाहरणार्थ, नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा एक निकष आहे.

भारतीय मानक ब्यूरोने याच विषयावर ‘आयएस १७८०२’ हे मानक दोन भागांत प्रसिद्ध केले आहे. २०२१ च्या पहिल्या भागात गरजा सांगितल्या आहेत, तर २०२२ च्या दुसऱ्या भागात त्या पूर्ण झाल्या की नाही हे ठरविण्याची रीत दिली आहे. युरोपातील ‘ईएन ३०१ ५४९’ या मानकाच्या धर्तीवर ते तयार झाले आहे. त्याची व्याप्ती संकेतस्थळांपुरती नाही. यंत्रसामग्री, संगणक प्रणाली, मोबाईलवरील ॲप, दस्तऐवज, इतकेच नव्हे तर वापराची पुस्तिका व ग्राहकसाहाय्य यांचाही त्यात विचार केलेला आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याचा उल्लेख दिव्यांग हक्क नियमांत केला. शासकीय संकेतस्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे असून त्यांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये व तिसरी २०२३ मध्ये निघाली.

खरेदी करणाऱ्या संस्थेने मानकाचे नाव, भाग, वर्ष व पातळी निविदेतच स्पष्ट लिहावी, हे उत्तम. नियम बदलले, नवे नियम आले, तरी करारात लिहिलेली अट त्या खरेदीपुरती पक्की राहते.

विवरणपत्राचे स्वरूप

साधन मानकाच्या कसोटीस कितपत उतरते हे पुरवठादाराने निकषवार लिहून द्यावे, अशी पद्धत अमेरिकेत रूढ झाली. तेथील पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०८ मध्ये १९९८ साली दुरुस्ती होऊन संघीय कार्यालयांच्या तंत्रज्ञानखरेदीस सुगम्यतेची अट लागू झाली. तिचे पालन सुलभ व्हावे म्हणून २००१ मध्ये तेथील माहिती तंत्रज्ञान उद्योगांच्या परिषदेने शासकीय खरेदी यंत्रणेच्या सहकार्याने एक नमुना तयार केला. ‘व्हीपीएटी’ या नावाने तो ओळखला जातो. हा नमुना कोरा असतो. तो भरून दिला म्हणजे त्यास सुगम्यता अनुरूपता अहवाल म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास सुगम्यतेचे विवरणपत्र म्हणू. परदेशी बनावटीच्या बहुतेक प्रसिद्ध प्रणालींचे असे विवरणपत्र तयार असते. ते केवळ मागावे लागते. भारतीय पुरवठादारासही आयएस १७८०२ च्या निकषांनुसार असाच तक्ता भरून देता येतो.

विवरणपत्राच्या आरंभी साधनाचे नाव व आवृत्ती, अहवालाचा दिनांक, संपर्काचा तपशील, तपासणीची पद्धत आणि लावलेली मानके यांची नोंद असते. त्यानंतर प्रत्येक निकषासमोर दोन रकाने येतात. पहिल्यात निष्कर्ष असतो: पूर्तता होते, अंशतः पूर्तता होते, पूर्तता होत नाही किंवा निकष लागू नाही. दुसऱ्यात त्याचे स्पष्टीकरण असते. ‘तपासणी केलेली नाही’ असा आणखी एक शेरा नमुन्यात आहे, परंतु तो केवळ ट्रिपल ए पातळीच्या निकषांसाठी वापरण्याची मुभा आहे. खालच्या दोन पातळ्यांवर तो शेरा दिसल्यास विवरणपत्र परत पाठवावे.

विवरणपत्र कसे वाचावे?

हे विवरणपत्र पुरवठादार स्वतः भरतो. ते शासनाचे प्रमाणपत्र नव्हे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. वाचताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट दिनांक व आवृत्ती यांची. चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचे विवरणपत्र आज विकल्या जाणाऱ्या आवृत्तीस लागू पडेलच असे नाही.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. विवरणपत्र संकेतस्थळाचे असते आणि खरेदी मोबाईल ॲपचीही होते; किंवा विद्यार्थ्यांचे पडदे तपासलेले असतात आणि शिक्षकांचे व लिपिकांचे पडदे वगळलेले असतात. दिव्यांग व्यक्ती केवळ सेवा घेणारी असते, सेवा देणारी नसते, असा समज त्यामागे दडलेला असतो.

तिसरी गोष्ट तपासणीच्या पद्धतीची. केवळ स्वयंचलित तपासणी केली असेल तर ती अपुरी होय. चित्राला वर्णन जोडलेले आहे की नाही हे यंत्र सांगू शकते. ते वर्णन खरे आणि उपयोगी आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. कोणत्या स्क्रीन रीडरवर व कोणी तपासणी केली, हे नमूद असावे.

चौथी गोष्ट शेऱ्यांची. सर्व निकषांसमोर ‘पूर्तता होते’ आणि स्पष्टीकरणाचा रकाना संपूर्ण कोरा, असे विवरणपत्र समाधानापेक्षा शंकाच अधिक निर्माण करते. प्रणालीत शिकवणीच्या चित्रफिती असताना शब्दांकनाच्या निकषापुढे ‘लागू नाही’ असे लिहिले असेल, तर ते चुकीचे आहे. याउलट ‘अंशतः पूर्तता, अहवालातील आलेख वाचून दाखविला जात नाही, तोच तपशील तक्त्यात उपलब्ध’ असे लिहिणारा पुरवठादार आपल्या मालाची माहिती असलेला व प्रामाणिक असण्याचा संभव अधिक. केवळ उणिवा कबूल केल्या म्हणून त्यास बाद ठरविले, तर पुढच्या वेळी कोणीच खरे लिहिणार नाही.

केव्हा मागावे?

विवरणपत्र मागण्याची योग्य वेळ निविदासूचनेची होय. निविदा उघडल्यानंतर नवी अट घालता येत नाही आणि पुरवठा झाल्यानंतर ती घातल्यास तिचे वेगळे पैसे मागितले जातात. अट आरंभापासून असली म्हणजे सर्व निविदाकार एकाच पायावर दर देतात. ती नसेल तर सुगम्य साधन बनविण्याचा खर्च केलेला पुरवठादार दरात मागे पडतो आणि न्यूनतम दराच्या नियमाने काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून विवरणपत्र तांत्रिक लिफाफ्यातील आवश्यक कागदपत्रांत समाविष्ट करावे. उणिवा असल्यास त्या किती मुदतीत दूर करणार, याचे वेळापत्रकही त्यासोबत मागावे.

तांत्रिक छाननीच्या वेळी पुरवठादार प्रात्यक्षिक देतोच. त्यातच पुढील साध्या चाचण्या करता येतात. संगणकाचा माउस काढून ठेवावा आणि नोंदणीपासून पावती मिळेपर्यंतचे संपूर्ण काम कळफलकावरून करून दाखविण्यास सांगावे. पडद्यावरील अक्षरे २०० टक्के मोठी करून मजकूर कापला जातो काय ते पाहावे. चुकलेला रकाना केवळ लाल रंगानेच दाखविला जातो, की शब्दांतही सांगितला जातो, हे पाहावे. कालमर्यादा असल्यास ती वाढविता येते काय, हे विचारावे. शेवटी स्क्रीन रीडर सुरू करून तेच काम पुन्हा करावे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, त्यामुळे यास खर्चाची अडचण नाही. संस्थेतील दृष्टिहीन कर्मचारी किंवा विद्यार्थी यांना या वेळी समितीसमोर निमंत्रित केल्यास तासाभरात जे कळेल ते कागदांच्या गठ्ठ्यातूनही कळणार नाही. मात्र त्यांच्या वेळेचा व श्रमाचा योग्य मान राखला पाहिजे.

मराठीचा विशेष प्रश्न

महाराष्ट्रातील संस्थांनी आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्यावी. जुन्या पद्धतीच्या अनेक मराठी टंकांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत त्या जागी रोमन अक्षराचा संकेत साठविलेला असतो. डोळ्यांनी वाचणाऱ्यास त्यात काहीच वावगे दिसत नाही. स्क्रीन रीडर मात्र अर्थहीन अक्षरांची मालिका वाचत सुटतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच तो मराठी म्हणून वाचला जातो. तसेच कागदाचे छायाचित्र काढून तयार केलेली पीडीएफ ही यंत्राच्या दृष्टीने एक चित्र असते. तिच्यात वाचण्यासाठी मजकूर नसतो. म्हणून प्रणालीतून निघणाऱ्या पावत्या, दाखले, गुणपत्रिका आणि आदेश युनिकोड मजकुराच्या स्वरूपात निघतात काय, आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद प्रणालीत केली जाते काय, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. परदेशी विवरणपत्र इंग्रजी पडद्यांची तपासणी करून भरलेले असते. मराठी पडद्यांसाठी ते जसेच्या तसे गृहीत धरू नये.

करार आणि त्यानंतर

विवरणपत्र करारनाम्यास जोडपत्र म्हणून जोडले गेले नाही, तर त्याचे मोल कागदापुरतेच राहते. करारात चार बाबी असाव्यात: मान्य केलेले मानक व पातळी, उणिवा दूर करण्याची मुदत, प्रत्येक मोठ्या सुधारित आवृत्तीबरोबर नवे विवरणपत्र देण्याचे बंधन, आणि सुगम्यतेची चाचणी स्वीकृती चाचणीचा भाग असून तिच्या पूर्ततेशी देयकाचा शेवटचा हप्ता निगडित राहील अशी तरतूद.

कधी कधी पूर्णतः सुगम्य असे साधन बाजारात मिळतच नाही. अशा वेळी उपलब्ध साधनांपैकी सर्वांत कमी उणिवांचे साधन निवडावे, निवडीची कारणे नस्तीत नोंदवावीत आणि ज्यांना ते वापरता येणार नाही त्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था लिहून ठेवावी. पर्यायी व्यवस्था म्हणजे ‘कोणाची तरी मदत घ्या’ असा सल्ला नव्हे. काम कोण करून देईल, किती वेळात देईल आणि अर्जदाराची गोपनीयता कशी राखली जाईल, हे तीत स्पष्ट असले पाहिजे.

लहान संस्थांना हे सारे मोठे ओझे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांनी सर्व निकष तपासण्याची गरज नाही. निविदेतील एक अट, पुरवठादाराचे एक विवरणपत्र, माउसविना केलेली एक चाचणी आणि करारातील एक जोडपत्र एवढ्याने आरंभ करता येईल. शेजारच्या संस्थेने तीच प्रणाली घेतली असेल तर तिचे विवरणपत्र व अनुभव मागवून घेता येतील. अनेक संस्था एकच प्रश्न सातत्याने विचारू लागल्या म्हणजे पुरवठादारही त्याचे उत्तर आधीच तयार ठेवू लागतात.

सार्वजनिक पैशाने घेतलेले साधन हे सर्वांचे असते. त्यातून काही नागरिक वगळले गेले, तर तो खर्च तेवढ्या अंशाने वायाच गेला असे म्हणावे लागेल. यापुढे तुलनात्मक तक्ता आखताना किंमत, हमी आणि अनुभव यांच्या शेजारी सुगम्यतेचा एक रकाना आखला जावा. एखाद्या दृष्टिहीन लिपिकाला आपले काम आपल्या हाताने करता येईल, एखाद्या विद्यार्थ्याला आपला अर्ज दुसऱ्याच्या हाती न देता भरता येईल. त्या एका रकान्यावर एवढे अवलंबून आहे.